शक्तिमापक आणि रस्ता
(मोटारीच्या एंजिनाच्या जुळवणीविषयीं एक पाठ)

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी पदार्थविज्ञानाचा तास संपल्यावर माझ्या टेबलापाशीं आला आणि त्यानें एक छापील कागद माझ्यापुढें ठेवला. त्यावर दोन वक्र रेषांचा एक आलेख होता. त्याच्या थोरल्या भावानें आपल्या जुन्या मोटारीचें एंजिन अधिक जोरदार करून घेतलें होतें, आणि तें किती जोरदार झालें याचा हा दाखला कारागिरानें त्याला दिला होता. पूर्वी चाकांपाशीं ७२ अश्वशक्ति मिळत असे, ती आतां ८१ झाली आहे, असें तो कागद सांगत होता. मुलानें विचारलें, "सर, कागदावर एवढी शक्ति वाढली आहे, मग खंडाळ्याच्या घाटांत गाडी खटखट कां करते?"

मी त्या दिवशीं घाईंत होतों. "पुढें केव्हां तरी सांगेन," असें म्हणून मीं त्याला वाटेस लाविलें. दिवाळीच्या सुटींत त्याच घाटांत त्याच मोटारीच्या एका पिस्टनाला भोंक पडलें. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. परंतु एका तरुणाची वर्षभराची शिल्लक खर्ची पडली. त्या मुलाला द्यावयाचें राहिलेलें उत्तर मी आज येथें लिहीत आहें. तें त्याच्यापुरतेंच नाहीं. तुम्हां सर्वांच्या उपयोगी पडेल असें मला वाटतें.

१. एंजिनाचा श्वास

पेट्रोलाचें एंजिन हें मुळांत हवा ओढणारें यंत्र आहे. जर्मनींत निकोलस ओटो यानें १८७६ सालीं जी रीति यशस्वी करून दाखविली, तीच आजही चालू आहे. सिलिंडर म्हणजे एक नळकांडें आणि पिस्टन म्हणजे त्यांत वर-खालीं सरकणारा दट्ट्या. पिस्टन खालीं जातांना हवा व पेट्रोल आंत ओढलें जातें. वर येतांना तें दाबलें जातें. मग ठिणगी पडून तें जळतें व पिस्टनाला खालीं ढकलतें. आणि पुन्हा वर येतांना जळालेला वायु बाहेर टाकला जातो. या चार हालचालींपैकीं एकच काय ती काम करून देते. उरलेल्या तीन तिची पूर्वतयारी किंवा आवराआवर करितात.

एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. ही हवा आपल्या खोलींतील हवेइतकीच विरळ असल्यामुळें तिचें आकारमान १२,००० लिटरांहूनही अधिक होतें. म्हणजे एंजिनाला पेट्रोल पाजणें सोपें आहे; कठीण आहे तें हवा पुरविणें. शर्यतीच्या मोटारीची सारी कारागिरी, म्हणजे मोठ्या झडपा, मोकळ्या नळ्या, हवा कोंबणारे पंखे, ही अधिक हवा आंत घेण्यासाठींच असते.

हवा व पेट्रोल यांचें प्रमाण मात्र कामाप्रमाणें बदलावें लागतें. सावकाश जातांना व पेट्रोल वाचवावयाचें असतांना हवा थोडी अधिक चालते. परंतु पूर्ण शक्ति हवी असल्यास पेट्रोल थोडें अधिक द्यावें लागतें, व तें प्रमाण एकास साडेबारा ते तेरा असें येतें. असें केल्यानें हवेंतील सर्व प्राणवायु कामीं येतो, आणि जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना आंतील उष्णता शोषून घेतें. अशा मिश्रणाला आपण गाढें म्हणूं, आणि ज्यांत पेट्रोल कमी पडलें त्याला विरळ म्हणूं. पूर्ण भार असतांना मिश्रण विरळ राहिलें तर एंजिन भाजून निघतें, हें ध्यानांत ठेवा.

२. शक्ति मोजावयाची कशी?

जेम्स वॅट यानें आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याशीं केली आणि ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलण्याच्या कामास एक अश्वशक्ति असें नांव दिलें. आज आपण ती ७४६ वॅट धरितों. आपल्याकडील मोटारींच्या कागदांवर बहुधा मेट्रिक अश्वशक्ति असते; ती याहून किंचित् लहान, म्हणजे सुमारें ७३५.५ वॅट असते.

परंतु फिरणाऱ्या दांड्याची शक्ति कशी मोजावी? १८२१ सालीं फ्रान्समध्यें गास्पार द प्रोनी यानें एक साधी युक्ति काढली. फिरत्या दांड्याभोंवतीं लांकडाचे दोन ठोकळे आवळून बसवावे, त्यांना एक लांब दांडी जोडावी आणि ती दांडी फिरूं नये म्हणून तिच्या टोंकाला वजनें टांगावीं. वजन आणि दांडीची लांबी यांचा गुणाकार म्हणजे दांड्याचा फिरविण्याचा जोर. यालाच टॉर्क म्हणतात. पुढें १८७७ सालीं इंग्लंडांतील विल्यम फ्रूड यानें जहाजांच्या प्रचंड एंजिनांसाठीं लांकडाऐवजीं पाण्याचा अडथळा वापरला. ब्रेक लांकडाचा असो, पाण्याचा असो वा आजच्यासारखा विजेचा असो, तत्त्व एकच आहे : एंजिनाला अडवावयाचें आणि अडविण्यास किती बळ लागलें तें मोजावयाचें.

आज मोटारीची चाकें जमिनींत बसविलेल्या लोखंडी रुळांवर ठेवितात, मोटार पट्ट्यांनीं घट्ट बांधितात आणि जागच्या जागीं पूर्ण वेगानें पळवितात. कारागीर या यंत्रास डायनो म्हणतात. आपण शक्तिमापक म्हणूं. रुळापर्यंत पोंचण्यापूर्वीं गिअर, दांडे व टायर यांत कांहीं शक्ति खर्च होते. म्हणून चाकांपाशीं मोजलेली शक्ति एंजिनाच्या शक्तीहून नेहमीं कमी भरते.

टॉर्क आणि शक्ति एक नव्हेत. टॉर्क म्हणजे जोर. आणि तो जोर किती वेगानें वापरला जातो तें सांगणारी ती शक्ति. टॉर्क न्यूटन-मीटरांत घेऊन त्याला मिनिटांतील फेऱ्यांनीं गुणावें व ९,५४९ नीं भागावें, म्हणजे शक्ति किलोवॅटांत मिळते. एक उदाहरण करून पहा. ४,००० फेऱ्यांस १४० न्यूटन-मीटर टॉर्क असला तर शक्ति ५८.६ किलोवॅट, म्हणजे सुमारें ८० मेट्रिक अश्वशक्ति होते. ६,००० फेऱ्यांस टॉर्क घटून १२० झाला तरी शक्ति ७५.४ किलोवॅट, म्हणजे १०२ अश्वशक्तींहून थोडी अधिक होते. जोर कमी झाला आणि शक्ति वाढली! जाहिरातींत शेवटचा मोठा आंकडाच तेवढा छापतात. पण घाट चढतांना तुमच्या उपयोगीं पडतो तो मंद फेऱ्यांवरील टॉर्क. त्या मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच आहे.

३. जुळवणी म्हणजे काय?

पूर्वीं कार्ब्युरेटरची भोंकें बदलून आणि ठिणगीची चकती हातानें फिरवून जी जुळवणी होत असे, ती आतां मोटारींतील एका छोट्या संगणकांत होते. कारागीर त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्या स्मृतींत पाढ्यांच्या तक्त्यासारखा तक्ता असतो. आडव्या ओळींत एंजिनाच्या फेऱ्या, उभ्या ओळींत भार, आणि प्रत्येक घरांत एक आंकडा. एका तक्त्यांत पेट्रोल किती द्यावयाचें, आणि दुसऱ्यांत ठिणगी केव्हां टाकावयाची तें लिहिलेलें असतें. मोटार चालतांना संगणक क्षणोक्षणीं योग्य तें घर शोधून त्याप्रमाणें आज्ञा देतो.

यांतील ठिणगीची वेळ ही फार नाजूक बाब आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १००. पिस्टनाची एक पूर्ण फेरी एका सेकंदाच्या शंभराव्या भागांत होते. पेट्रोल मात्र एकदम जळत नाहीं. ठिणगीपासून ज्वाला पसरत जाते आणि तिला सेकंदाचा एक-दोन सहस्रांश भाग तरी लागतो. म्हणून ठिणगी पिस्टन अगदीं वर येण्यापूर्वींच टाकावी लागते. पिस्टन वरच्या टोंकावरून खालीं वळून दांडा सुमारें १५ अंश फिरला असतां आंतील दाब सर्वांत अधिक व्हावा, म्हणजे ढकलणें पूर्ण कामीं येतें. झोपाळ्यावरील लहान बहिणीला तुम्हीं झोका दिला असेल. झोपाळा तुमच्याकडे येत असतांनाच ढकललें तर हाताला हिसका बसतो; फार उशीर केला तर हात पोंचतच नाहीं; तो नुकता परत वळला असतां ढकललें तर थोड्या बळानें उंच जातो. एंजिनाचेंही तसेंच आहे.

चांगला कारागीर शक्तिमापकावर काय करितो? तो रुळाचा वेग एका ठिकाणीं धरून ठेवितो आणि ठिणगी एकेका अंशानें अलीकडे आणितो. टॉर्क प्रथम वाढतो, मग वाढणें मंदावतें, आणि शेवटीं थांबतें. जेथें वाढ थांबली तेथें तोही थांबतो. किंबहुना एक-दोन अंश मागें सरतो. त्याच वेळीं धुराच्या नळींत बसविलेला प्राणवायुमापक मिश्रण गाढें कीं विरळ तें सांगत असतो, आणि एंजिनाच्या अंगाला लावलेल्या यंत्रांतून तो खटखट ऐकत असतो. मग पुढचें घर, आणि पुन्हा तोच क्रम. एका तक्त्यांत अशीं शेंकडों घरें असतात. हें काम धीराचें आहे, आणि धीर सुटला कीं तें बिघडतें.

४. ती खटखट

आतां त्या खटखटीचा अर्थ पाहूं. ठिणगीपासून निघालेली ज्वाला सिलिंडरमध्यें पसरत असतां तिच्यापुढें असलेलें, अद्याप न जळलेलें मिश्रण दाबलें जाऊन अतिशय तापतें. तें फार तापलें तर ज्वाला पोंचण्यापूर्वींच आपोआप एकाएकीं पेट घेतें. त्या धक्क्यानें सिलिंडरचा धातु घंटेसारखा झणाणतो. बाहेर आपल्याला बाटलींत खडे हलविल्यासारखी खटखट ऐकूं येते.

जळणाऱ्या वायूची उष्णता २,००० अंश सेल्सियसच्या वर असते, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो तो त्याहून कितीतरी कमी उष्णतेस वितळतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. मग पिस्टन रोज कसा टिकतो? त्याच्या पृष्ठभागाशीं वायूचा एक पातळ, त्यामानानें थंड थर असतो, आणि आंत शिरलेली उष्णता तेल व पाणी सतत वाहून नेतात. खटखटीचे धक्के तो पातळ थर उडवून लावितात. ढाल गेली कीं धातु उघडा पडतो. आणि भार तसाच राहिला तर कांहीं मिनिटांत पिस्टनाची कड झिजते किंवा मधोमध भोंक पडतें. ती खटखट म्हणजे एंजिनाचें गाऱ्हाणें होय. तें ऐकून पाय उचलणाऱ्याचें एंजिन वांचतें.

पेट्रोलाची खटखट सोसण्याची शक्ति ऑक्टेनच्या आंकड्यानें सांगतात. आंकडा मोठा म्हणजे पेट्रोलांत उष्णता अधिक असें नव्हे. तें आपोआप पेटण्यास अधिक विरोध करतें, एवढाच त्याचा अर्थ. साध्या एंजिनांत महाग पेट्रोल घालून विशेष लाभ नाहीं. परंतु अधिक दाबाच्या एंजिनांत हलकें पेट्रोल घातलें तर मात्र हानि आहे.

५. रूळ काय सांगत नाहीं

आतां त्या मुलाच्या कागदाकडे वळूं. सुटीनंतर मीं तो पुन्हा मागून घेतला आणि अधिक लक्षपूर्वक वाचला. कोपऱ्यांत बारीक अक्षरांत हवेचें उष्णतामान २४ अंश असें छापलें होतें. भावाकडे चौकशी केल्यावर समजलें कीं, काम पावसाळी सकाळीं झालें. मोटारीचें झांकण उघडें होतें व पुढें मोठा पंखा चालू होता. त्या दिवसापुरतें उंची पेट्रोल भरलें होतें. आणि प्रत्येक वेळीं मोटार ३,००० फेऱ्यांपासून पुढें दहा-बारा सेकंदच पळविली होती. सिलिंडरमधील दाब वाढविला होता, आणि जुन्या एंजिनांत खटखट ऐकून ठिणगी आपोआप मागें घेणारा नॉक सेन्सर नव्हता.

घाटांत काय झालें? ऑक्टोबरची दुपार, गाडींत पांच माणसें व सामान, टांकींत साधें पेट्रोल, बंद झांकणाखालीं तापलेली हवा, आणि फेऱ्या दोन हजारांच्या आसपास असतां पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर. तोही दहा सेकंद नव्हे, तर कित्येक मिनिटें. मंद फेऱ्या आणि पूर्ण भार असतां न जळलेल्या मिश्रणाला तापण्यास अधिक वेळ मिळतो, म्हणून खटखट होण्याचा संभव तेथेंच फार. आणि तक्त्यांतील नेमकीं तींच घरें कारागिरानें रुळावर कधीं तपासलीं नव्हतीं! त्यानें तेथें अंदाजानें आंकडे भरले होते. आलेख खोटा नव्हता. तो अपुरा होता. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें बरोबर दिलें. न विचारलेल्या प्रश्नाविषयीं तो मुका राहिला.

हवेचेंही असेंच आहे. समुद्रसपाटीवर १५ अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेचें वजन १.२२५ किलो भरतें. ४० अंशांस तें सुमारें १.१३ होतें, म्हणजे जवळजवळ ८ टक्के कमी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच आहे; तेथें हवेचा दाब सुमारें १५ टक्क्यांनीं उतरतो, आणि हवा कोंबणारा पंखा नसलेल्या एंजिनाची शक्ति जवळजवळ त्याच प्रमाणांत घटते. म्हणूनच निरनिराळ्या दिवशीं घेतलेल्या मोजण्या २५ अंश उष्णतेच्या व ठराविक दाबाच्या हवेवर आणून सुधारून घेण्याचा नियम आहे. सुधारणा केल्याचें ज्या आलेखावर लिहिलेलें नाहीं, त्याची दुसऱ्या आलेखाशीं तुलना करणें व्यर्थ होय.

६. रस्त्याची परीक्षा

म्हणून जाणता कारागीर शक्तिमापकावरील काम संपलें कीं काम झालें असें मानीत नाहीं. रुळावर मोटार एकाच जागीं असते. रस्त्यावर समोरून वारा येतो, आणि वेग दुप्पट झाला तर केवळ वाऱ्याला भेदण्यास आठपट शक्ति लागते. वळणावर टांकींतील पेट्रोल व तळांतील तेल एका बाजूस जातें. ॲक्सिलरेटर एकदम दाबला असतां हवा त्वरित शिरते आणि पेट्रोल मागें पडतें, म्हणून तेवढ्या क्षणापुरतें मिश्रण गाढें करावें लागतें. सकाळीं थंड एंजिन चालू होतें काय, दुपारीं पेट्रोलपंपावर पांच मिनिटें थांबून पुन्हा चालू होतें काय, वाहनांच्या गर्दींत सावकाश जातांना हिसके देतें काय, हे सर्व प्रश्न रस्ताच विचारतो.

जुन्या काळीं शर्यतीचे कारागीर मोटार पूर्ण वेगांत असतां एंजिन एकदम बंद करीत, क्लच दाबून ती थांबवीत आणि प्लग काढून त्याचा रंग पहात. फिका तपकिरी रंग समाधानाचा. काजळी म्हणजे मिश्रण गाढें. पांढरा फटफटीत रंग म्हणजे विरळ व धोक्याचें. आतां संगणक प्रत्येक क्षणाची नोंद ठेवितो. घरीं येऊन ती नोंद वाचावयाची, चुकलेलीं घरें शोधावयाचीं, आणि पुन्हा रुळावर जाऊन तीं दुरुस्त करावयाचीं. रुळावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून रुळावर अशा दोन-चार फेऱ्या झाल्यावांचून जुळवणी पुरी होत नाहीं.

परंतु रस्ता म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, हें मी निक्षून सांगतों. वेगाची परीक्षा घेण्यास बंद धांवपट्टी हवी. मध्यप्रदेशांत इंदूरजवळ पीथमपूर येथें ११.३ किलोमीटर लांबीची अशी पट्टी २०२१ सालीं खुली झाली. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांत अतिवेगाचा वांटा सर्वांत मोठा होता. आपल्या यंत्राचें कौतुक पाहण्यासाठीं शेजाऱ्याच्या लेंकराचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

७. दोन इशारे

येथवर एका मोटारीची गोष्ट झाली. मोजलें तेवढेंच खरें मानण्याची चूक मात्र मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं व कारखान्यांनींही केली आहे. त्यांचीं दोन उदाहरणें सांगतों.

पहिलें खटखटीचेंच आहे. १९२१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील डेटन शहरीं थॉमस मिड्‌ग्ली याला असें आढळलें कीं, शिशाचें एक संयुग अगदीं थोडें पेट्रोलांत मिसळलें तर खटखट थांबते. परीक्षेच्या एंजिनानें या शोधाला पूर्ण गुण दिले, आणि १९२३ मध्यें तें पेट्रोल विक्रीस आलें. परंतु शिसें विषारी आहे हें पूर्वींपासून माहीत होतें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील एका कारखान्यांत त्या संयुगावर काम करणारे पांच मजूर मरण पावले. तरीही तें पेट्रोल जगभर पसरलें, आणि कित्येक दशकें त्याचा धूर मुलांच्या श्वासांत जात राहिला. भारतांत तें २००० सालीं बंद झालें. जगांतील शेवटचा देश अल्जीरिया, तेथें २०२१ मध्यें. एंजिनाची शक्ति मोजली गेली. मुलांच्या रक्तांतील शिसें मात्र फार उशिरा मोजलें गेलें.

दुसरें उदाहरण अधिक दुःखाचें, कारण त्यांत अज्ञान नव्हे, लबाडी होती. मोटारीच्या धुरांतील विषारी वायूंची तपासणी रुळांवर होते. फोक्सवागन या जर्मन कंपनीनें आपल्या डीझेल मोटारींच्या संगणकांत अशी योजना केली होती कीं, मोटार रुळावर आहे हें तो ओळखी. चाकें फिरत आहेत आणि सुकाणूं मात्र हलत नाहीं, अशा खुणांवरून. तेवढ्या वेळापुरता तो धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर येतांच सोडून देई. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं मोजण्याचें यंत्र मोटारींतच ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली, तेव्हां १८ सप्टेंबर २०१५ रोजीं बाहेर फुटलेल्या या प्रकरणाचा धागा सांपडला. नायट्रोजनाचे विषारी वायु कांहीं प्रसंगीं मर्यादेच्या ४० पटींपर्यंत निघत होते. जगभर अशा सुमारें १ कोटि १० लाख मोटारी होत्या. आपल्या पुण्यांत १९६६ पासून मोटारींवर संशोधन करणारी एआरएआय ही संस्था आहे; तिच्या रस्त्यावरील चांचण्यांनंतर त्या कंपनीनें भारतांतीलही सुमारें सव्वातीन लाख मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. आणि १ एप्रिल २०२३ पासून भारतांत नव्या मोटारींचा धूर रुळांबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजण्याचा नियम लागू झाला.

शलमोनाच्या नीतिसूत्रांत खोट्या वजनकाट्याविषयीं परमेश्वराचा जो तिटकारा सांगितला आहे, तो धान्याच्या दुकानापुरताच नव्हे. जें यंत्र परीक्षकासमोर एक आणि परीक्षकाच्या पाठीमागें दुसरें, तेंही खोट्या वजनाचेंच होय. विद्यार्थिमित्रहो, परीक्षागृह हें तुमचें शक्तिमापक आहे. तें आवश्यक आहे. त्यावांचून आपलें उणें आपल्यास कळत नाहीं. परंतु तेथें बारा सेकंद चमकण्यासाठीं जो अभ्यास केला, तो घाटांत उपयोगीं पडत नाहीं.

पालकांस विनंति

ज्यांचे चिरंजीव किंवा कन्या मोटारीचें एंजिन जोरदार करून घेण्याचा हट्ट धरीत असतील, त्यांनीं प्रथम हें पहावें कीं, मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें मोटारीच्या नोंदींतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. त्या मर्यादेंत राहून काम करावयाचें झालें तरी कारागिराला चार प्रश्न विचारावे : मोजणी किती उष्णतेच्या हवेंत केली? कोणतें पेट्रोल घातलें होतें? मंद फेऱ्यांवर पूर्ण भार ठेवून खटखट ऐकली काय? आणि नंतर मोटार घाटांत नेऊन पाहिली काय? चारही प्रश्नांचें सरळ उत्तर देणारा कारागीर मोठा आंकडा देणार नाहीं कदाचित्. पण तो तुमच्या मुलाला सुखरूप घरीं पोंचवील.

त्या मोटारीचें पुढें काय झालें तें सांगून हा पाठ संपवितों. नाताळापूर्वीं ती पुन्हा बांधली गेली. दुसऱ्या एका वयस्क कारागिरानें दाब मूळच्या मापावर आणिला, मंद फेऱ्यांचीं सर्व घरें एकेक करून तपासलीं आणि दोन वेळां स्वतः घाट चढून पाहिला. परवां तो मुलगा नवा आलेख घेऊन आला. "सर, आतां ७५ च आली," तो जरा खालच्या आवाजांत म्हणाला. मीं विचारलें, "आणि घाटांत?" तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, "घाटांत बाबा मागें बसून झोंपले होते."